मिलिंद हे नाव आणि आजच्या आंतरराष्ट्रीय शाळा



आपल्या छत्रपती संभाजीनगरात आज आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या शाळांच्या पाट्या झळकत आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत कठोर अभ्यास, विश्वबंधुत्व आणि चारित्र्य हे शब्द ठळक छापलेले असतात. आपणांपैकी काहीजण पोटाला चिमटा घेऊन मुलांना तेथे घालू पाहतात. काहीजण ‘हे आपल्यासाठी नव्हे’ म्हणून पाठ फिरवितात. या दुसऱ्या वर्गाशी मला विशेष बोलावयाचे आहे.

कठीण विद्या आणि सर्व जगाशी नाते या गोष्टी आपणांस परक्या आहेत काय? याच शहरातील नागसेनवनाकडे पाहा. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. नोकरी करून शिकणाऱ्या गरीब तरुणांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेविले, परंतु म्हणून अभ्यासक्रम हलका केला नाही. पुढे 1950 साली त्यांनी मराठवाड्यात महाविद्यालय काढले. हा मुलूख दोनच वर्षांपूर्वी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता. उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस, आणि 1948 पर्यंत तेथील अध्यापनाचे माध्यम उर्दू. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली.

त्याला लाभलेले नाव पाहा. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. भिक्खू नागसेनाशी त्याचा वाद झाला, तेव्हा नागसेनाने आधीच अट घातली: वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच मी बोलेन, राजाच्या रीतीने नव्हे. पंडित चूक दाखविली असता रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतो. परदेशी कुळातला राजा प्रश्न विचारतो आणि भिक्षू निर्भयपणे उत्तर देतो, याहून आंतरराष्ट्रीय शाळा ती कोणती असावयाची? पुढे अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे तेथे प्राचार्य झाले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा नागसेनवनात होऊ लागली.

आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट ही संस्था 1968 साली जिनिव्हात स्थापन झाली. तिच्या अखेरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ‘आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक आहे’ याचा विचार करणारा एक विषय सक्तीचा आहे. ही गोष्ट चांगली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. चांगले ते कोठून आले, हे पाहून नाकारणे आपल्याला शोभत नाही.

माझी तक्रार दाराशी आहे. शुल्काच्या आकड्याने ज्या शाळेचे दार बंद होते, तिचे विश्वबंधुत्व कुंपणाच्या आतलेच राहते. म्हणून कायदा जाणून घ्या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना मोफत द्यावयाच्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, जवळ शासकीय अथवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली. पालक न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. हे कोणाच्या कृपेने झाले नाही.

तेव्हा शाळा कोणतीही असो, तिच्या पायरीवर मान खाली घालून उभे राहू नका. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा: राखीव जागांवर आलेली मुले इतरांच्याच बाकावर बसतात काय? वह्या, गणवेश, सहल यांचा खर्च कोण करतो? माझ्या मुलाने गुरुजींची चूक दाखविली, तर गुरुजी पंडिताप्रमाणे वागतील की राजाप्रमाणे? आणि हाच शेवटचा प्रश्न आपल्या वस्तीतील जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेतही जाऊन विचारा, कारण आपली बहुसंख्य मुले अजून तेथेच शिकत आहेत.