वरठी ते भंडारा

भंडारा शहराचे रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते वरठीला, शहरापासून दहाएक किलोमीटरांवर आहे आणि त्याचे नावही प्रामाणिकपणे ‘भंडारा रोड’ असेच ठेवलेले आहे. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडाकडे लोहमार्ग टाकणाऱ्यांनी आपल्या सोयीची रेषा आखली, आणि हावडा-मुंबई या देशाच्या प्रमुख मार्गावर असूनही भंडारेकरास आगगाडी गाठण्यापूर्वी दुसरे एखादे वाहन गाठावे लागते. इतक्या जुन्या रेषेशी आता भांडत बसण्यात अर्थ नाही. परंतु रात्री गाडी उशिरा आली आणि शेवटची बस निघून गेली, तर उतारूने दाद कोणाकडे मागावी? रेल्वे म्हणणार, बस आमची नव्हे. महामंडळ म्हणणार, गाडी आमची नव्हे. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि उतारू अंधारात उभा असतो.

रेल्वेचा कारभार केंद्राचा, एसटीचा राज्याचा. आणि रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की जिल्हा परिषदेचा, हे खड्ड्यात पडल्यावर शोधावयाचे. सत्तेची ही वाटणी शासनाच्या सोयीसाठी केलेली आहे, हे आम्ही समजू शकतो. पण सत्तेबरोबर उत्तरदायित्वाचीही वाटणी होत होत शेवटी कोणाच्याच वाट्यास काही उरू नये, हे समजण्यापलीकडचे आहे.

रेल्वेपुरते पाहू. २००३ पासून हा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. तिचे मुख्यालय बिलासपूरला असून तिचा मुख्य व्यवहार कोळशाचा. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी या रेल्वेने अनेक प्रवासी गाड्या रद्द केल्या. वीजकेंद्रांना कोळसा हवा, हे कोण नाकारील? मात्र ज्यांची गाडी गेली त्यांना दुसरी कोणती सोय दिली, हे सांगण्यास कोणी पुढे आले नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने थांबली. साथ ओसरल्यावरही ती परत आलेली नाही. साध्या पॅसेंजर गाडीचे किमान दहा रुपयांचे भाडे तीस रुपये झाले आणि ते पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडले. यास भाडेवाढ म्हटले गेले नाही. गाड्यांनाच ‘विशेष’ म्हटले गेले! १९२४ पासून स्वतंत्रपणे मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. त्यामुळे रेल्वेमंत्र्यांस वर्षातून एकदा तरी सविस्तर उत्तर देण्यास भाग पाडणारा तो प्रसंगही गेला.

एसटीची कथा अधिक जवळची म्हणून अधिक क्लेशकारक आहे. महामंडळ स्वायत्त आहे, असे संप झाला, पगार लांबला किंवा बस बंद पडली की आपणांस ऐकविण्यात येते. परंतु ज्या १९५० च्या कायद्यान्वये ते चालते, त्याच कायद्याने महामंडळास निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनास दिलेला आहे, आणि सवलती जाहीर करताना शासनास त्या अधिकाराचा कधी विसर पडत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट. लाखांदूर-पवनीकडच्या बाईला जिल्ह्याच्या रुग्णालयात येणे त्यामुळे परवडू लागले असेल, तर या निर्णयांचे आम्ही मनःपूर्वक स्वागतच करू. मात्र न येणाऱ्या बसचे तिकीट अर्धे असले काय आणि पूर्ण असले काय? जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींहून अधिक दाखविला आहे. त्याआधी जानेवारीत भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. सवलतीची भरपाई देणारे शासन आणि तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेणारे शासन एकच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा तोटा नुसता डेपोतल्या गैरव्यवस्थेचा नव्हे, हे उमगते.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात डव्वा गावाजवळ उलटली आणि किमान दहा प्रवासी प्राणांस मुकले. मदतीच्या रकमा तातडीने जाहीर झाल्या. तेवढ्या बाबतीत आपले शासन कार्यक्षम आहे. आगगाडीचा भीषण अपघात झाला तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याची चूक असू शकेल त्यानेच न्याय करू नये, एवढे तत्त्व त्यात पाळलेले आहे. एसटीच्या उतारूसाठी असा स्वतंत्र आयुक्त नाही. तो का नसावा?

नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, याची आठवण अशा वेळी हटकून काढली जाते. राजीनाम्याने वाहून गेलेला पूल उभा राहत नाही आणि प्रत्येक अपघातास मंत्र्याचा राजीनामा मागणे हाही एक आळसच आहे. आम्हांस हवे आहे ते साधे व रोजचे उत्तर. सदोष रस्त्याबद्दल संबंधित अधिकारी व ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले. कायदा करणाऱ्यांनी कायदा केला, न्यायालयाने आपले काम केले. मध्ये जे कार्यकारी शासन आहे त्याने आपल्या खुर्चीवरून उठावयाचे तेवढे राहिले आहे.

भंडारा, तुमसर, साकोली आणि पवनी येथील बसस्थानकांवर सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता असतो. त्याशेजारी काल न सुटलेल्या गाड्यांचाही तक्ता, कारणासह, लावण्यास कोणता कायदा आड येतो? सवलतीची भरपाई महिन्याच्या ठरल्या तारखेस देण्यास आणि ती दिली की नाही हे जाहीर करण्यास काय हरकत आहे? वरठीच्या गाड्या आणि भंडाऱ्याच्या बसगाड्या यांची वेळापत्रके एका मेजावर ठेवून जुळविण्यास जिल्हाधिकाऱ्यांना एक दुपार पुरेल.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. भंडाऱ्याच्या आमदारांना तेथे यावयास फार लांबचा प्रवास करावा लागत नाही, आणि तो बहुधा एसटीनेही करावा लागत नाही. येत्या अधिवेशनात त्यांनी परिवहन मंत्र्यांस एवढाच प्रश्न विचारावा : गेल्या बारा महिन्यांत भंडारा विभागात किती फेऱ्या रद्द झाल्या, कोणत्या गावांच्या, आणि कोणाच्या सहीने?