उरलेल्या लोकरीचे गळपट्टे विणा

भाऊबीज झाली की आपल्या भंडाऱ्याकडे मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागतात, आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलंच. वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं बघायला लाखांदूर-साकोलीकडची माणसं पहाटेपर्यंत उघड्यावर बसतात. अंगात स्वेटर असतो, वरून शाल असते, मान आणि कान मात्र उघडेच. सकाळी अंधारात दुधाचे कॅन घेऊन निघणारा मोटरसायकलवाला, सायकलने शाळा गाठणारी मुलगी, वैनगंगेत जाळं टाकायला उतरलेला ढिवर, सगळ्यांची तीच गत. थंडी थोड्याच दिवसांची म्हणून आपण तिची तयारी करत नाही, आणि ती आली की मिळेल तो दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळतो.

तो दुपट्टा मला नको वाटतो. स्कूटीवर त्याचं टोक सुटलं तर चाकात जातं. धानाच्या चुरण्याला मळणीयंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या मफलरचंही तेच. यंत्राने टोक ओढलं तर हात घालायला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा डोक्यातून घालायचा, टोकं नसलेला, गळ्याशी बसणारा गोल पट्टा बरा. मुलींसाठी कानांवरून जाणारी रुंद पट्टी बरी. दोन्हींना लोकर फार लागत नाही, आणि तेवढी तुमच्या घरात पडून आहे. नातवाच्या स्वेटरमधून उरलेला अर्धा गुंडा, कुणाच्या बाळंतविड्यातली पिवळी लड, अर्धवट सोडलेलं टोपरं. बायांनो, या दिवाळीनंतर ती पिशवी माळ्यावरून खाली काढा, ही माझी विनंती.

आधी निवड. उरलेलं वापरायचं म्हणजे टाकाऊ वापरायचं असं नाही. गळ्याला सगळ्यात मऊ लोकर लागते. लोकर हनुवटीखाली घासून बघा. तिथे टोचली तर ती गळ्याला नको, कानपट्टीला चालेल. खरी लोकर आणि अॅक्रिलिक ओळखायचं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही एका पट्ट्यात शक्यतो मिसळू नका. गरम पाण्यात खरी लोकर आटते, अॅक्रिलिक आटत नाही, आणि पट्टा वाकडा होतो.

आता माप. साधी चारपदरी लोकर असेल तर ती दुहेरी घ्या, सुया सात नंबरच्या. कानपट्टीला १६ टाके पुरतात, रुंदी चार बोटांहून थोडी जास्त येते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५ सेंटीमीटरच्या आसपास असतो. पट्टी ४८ सेंटीमीटर झाली की थांबा, ताणून ती नीट बसते. गळपट्ट्याला ३६ टाके घाला आणि लांबी ५८ ते ६० सेंटीमीटर ठेवा, म्हणजे तो डोक्यातून सहज उतरतो. सगळ्या ओळी सुलट विणा. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर कडा आत वळतात. सगळं सुलट विणलं की पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि कान-मानेशी जाड, ऊबदार राहतो. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता पलीकडच्या सुईवर घ्या, कड सरळ येते. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांना शिवायची. कानपट्टीला ३०-३५ ग्रॅम, गळपट्ट्याला ८०-९० ग्रॅम लोकर धरून चाला. सोनाराचा काटा नको, किराणा दुकानात गुंडा ठेवून बघितला तरी अंदाज येतो.

उरलेल्या लोकरीची भीती एकच असते, ती मध्येच संपण्याची. पट्टा आडवा न विणता लांबीच्या दिशेने विणण्याचा फायदा इथे होतो. एक रंग संपला की ओळीच्या सुरुवातीला दुसरा जोडा, पट्टे पडतील, ते शोभतात. ओळीच्या रुंदीच्या चौपट धागा हातात असेल तर ती ओळ पुरी होते. त्याहून कमी असेल तर आधीच थांबा. ओळीच्या मधोमध गाठ मारू नका, ती मानेला रात्रभर टोचते.

जुना स्वेटर उसवूनही लोकर मिळते. उसवलेला धागा कुरळा असतो. त्याची लड करून कोमट पाण्यात भिजवा, खाली हलकं वजन लावून सावलीत टांगा, तो सरळ होतो. थंडीत शहराशहरांत स्वेटर विकायला बसणारे तिबेटी लोक आपल्याला ठाऊक आहेत. त्यांतल्या काहींचं घर इथेच आहे. गोठणगावजवळची नॉर्गेलिंग वसाहत १९७२ मध्ये वसली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता, १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. त्यांच्याकडून स्वेटर जरूर घ्या. तो फाटला, लहान झाला, की मात्र फेकू नका, उसवा.

आणि ज्यांना पट्टा खरोखर देखणा करायचा आहे त्यांनी मोहाडी-आंधळगावकडे बघावं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांचा कोसा आपल्या जिल्ह्याचं वैभव आहे, आणि आंधळगावचे विणकर तो पिढ्यान्‌पिढ्या मागावर विणत आले आहेत. करवतीकाठाची साडी सगळ्यांना परवडत नाही, पण कोशाच्या सुताची एक छोटी लड परवडते. पतंग बाहेर पडून भोक पडलेल्या कोशांचं हाताने कातलेलं सूत जरा खडबडीत असतं, रंग मधासारखा. लोकरीच्या धाग्यासोबत त्याचा एक धागा धरून विणा. गडद हिरव्या किंवा काळ्या लोकरीत तो सोन्यासारखा चमकतो. कोसा लोकरीसारखा ताणला जात नाही, म्हणून हात सैल ठेवा, आणि तो गळ्याला टोचत असेल तर कानपट्टीतच घाला. विणकराचं सूत विकत घ्या, फुकट मागू नका; त्याच्या मजुरीला आधीच पुरेसा भाव मिळत नाही.

आणि पट्टे द्यायचे कुणाला? गावातल्या शाळेत सायकलने येणाऱ्या मुली किती आहेत, हे मुख्याध्यापकांना विचारा. बचतगटाच्या बैठकीत सुया सोबत न्या, बोलता बोलता एकेकीचा पट्टा होतो. नव्या पोरींना शिकवायलाही कानपट्टीच बरी. स्वेटरची बाही मध्येच सोडली जाते, सोळा टाक्यांची पट्टी पूर्ण होते. सूनबाईला शिकवा, नातीला शिकवा, नातवालाही शिकवा.

पट्टा देताना धुण्याचं सांगून द्या: थंड पाणी, शॅम्पूचे दोन थेंब, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, आणि दोरीवर न टांगता खाटेवर पसरून सावलीत वाळवायचं. ज्याच्या घरी वॉशिंग मशीन आहे त्याला अॅक्रिलिकचाच द्या.