दरी कोणाची, पाटी कोणाची?

कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीत, मर्सेड नदीच्या काठी, सूचिपर्णी वृक्षांखाली तंबू ठोकून दोन रात्री काढणे ही कष्टकऱ्याच्या आवाक्यातली चैन आहे. तिची टवाळी करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. जानेवारी 1997 च्या पुराने काठावरच्या शेकडो तंबूजागा नेल्या, त्यामुळे तीही आता दुर्मीळ झाली आहे. परंतु हा तंबू ‘निर्मनुष्य अरण्यात’ उभा आहे असे मानणे ही शुद्ध आत्मवंचना होय. येथले अरण्य निर्मनुष्य नव्हते, ते केले गेले. 1851 साली मॅरिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने दरीतील आदिवासींच्या झोपड्या आणि धान्यासारखे साठवलेले ओकफळ जाळून त्यांना हुसकावले. मागे उरलेल्यांचे खेडे खुद्द उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी 1969 मध्ये जमीनदोस्त केले.

त्या आदिवासींनी दरीला दिलेले नाव अहवानी. 1927 मध्ये ते एका आलिशान हॉटेलच्या पाटीवर चढले. पुढे तर निर्लज्जपणाची कमालच झाली! 2015 मध्ये हॉटेल चालवण्याचा ठेका हातचा जाताच डेलावेअर नॉर्थ कंपनीने हे नाव आपले व्यापारचिन्ह असल्याचा दावा केला. सार्वजनिक जमिनीवरील हॉटेलची पाटी 2016 मध्ये उतरवावी लागली. 2019 मध्ये एक कोटी वीस लाख डॉलर मोजल्यावर (त्यांत करदात्यांचाही वाटा होता!) ती पुन्हा चढली. तडजोडीला पक्ष तीन होते: जुना ठेकेदार, नवा ठेकेदार आणि सरकार. ज्यांनी दरीला ते नाव दिले, त्यांचे वंशज त्यांत नव्हते.