थोरल्याचं नाव, सगळ्यांचं रान



परळीच्या डोंगरपट्ट्यात वनहक्काचे दावे भरताना घरोघर एकच गोष्ट दिसली. रान कोण कसतं म्हणून विचारलं की भाऊ, त्यांच्या बायका, माघारी आलेली बहीण, सगळे पुढं येतात. नाव कुणाचं घालायचं म्हटलं की सगळे थोरल्याकडं बघतात. "आमच्यात मोठ्याचंच लागतं."

बाप गेल्यावर थोरल्यानं धाकट्यांना वाढवलं, लग्नं लावली, हे खरं आहे. त्याचा मान आम्ही नाकारत नाही. पण मान वेगळा अन् मालकी वेगळी. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो सगळ्यांच्या वतीनं बघणारा, एकटा मालक नव्हे. तरी तो वारला की त्याच्याच पोरांची वारस नोंद होते आणि चुलते आपल्याच रानात उपरे ठरतात.

त्यात आपल्याकडं ऊसतोड. धाकटा उचल फेडायला बायकोसकट कारखान्यावर जातो. थोरला म्हाताऱ्यांपाशी, जनावरांपाशी थांबतो. मोजणी तेव्हाच आली तर बांधावर जो उभा, त्याचं नाव. मुकादमाच्या वहीत बायको अर्धा कोयता म्हणून तरी मोजली जाते, जमिनीच्या कागदात ती कुठंच नसते.

२००६ चा वनहक्क कायदा तसं सांगत नाही. लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. अर्जात घरातल्या इतरांची नावं लिहायला जागा आहे, ती आपणच रिकामी सोडतो. ज्या भावाची चूल वेगळी आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसणं वेगळं, त्यानं आपला दावा वेगळा टाकावा. तसंही एका दाव्यात ४ हेक्टरच्या वर मिळत नाही, मग सगळं रान थोरल्याच्या नावावर बसवायचा हट्ट कशाला?

लेकींचं जास्त अवघड आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, आपल्याला रूढी लागते. पण रूढी काही वरून आलेली नाही, आपण वागतो तीच रूढी. ग्रामसभेत बसून ती आपणच बदलू शकतो.

टोळ्या निघायच्या आत प्रत्येक वनहक्क समितीनं दाव्यातली नावं गावासमोर मोठ्यानं वाचावीत. आणि परळीच्या पुढच्या बैठकीला थोरल्यांनी एकटं येऊ नये. भाऊ, भावजया, बहिणी, सगळ्यांना घेऊन यावं.