धबधबा पाहिला, माणसे राहिली

मराठीत प्रवासवर्णनांचे पीक उदंड आहे आणि नॉर्वेच्या फियॉर्डमधील क्रूझ हा त्यातला नवा वाण आता चांगलाच रुजला आहे. दिवाळी अंक उघडावा, की 'शब्दांत न मावणारे सौंदर्य' समोर येते. शब्दांत मावत नाही असे जाहीर करून पुढे बारा पाने शब्दच खर्ची पडलेले असतात, ही गोष्ट वेगळी. या लेखनाची टिंगल करणे सोपे आहे. आमचा तो हेतू नाही. कारण गेल्या जूनमध्ये आम्ही दोघे अशाच एका जहाजावर होतो. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघांनीही प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्षानुवर्षे वर्गात शिकवला आहे. आणि परतल्यावर वही उघडली, तर आमचे टिपणही याच जातीचे निघाले. तेच निळे पाणी, तीच बर्फाच्छादित शिखरे, तेच स्तिमित होणे.

असे का व्हावे, याचा विचार करता आम्ही एका निष्कर्षाला आलो आहोत आणि तो ठामपणे मांडू इच्छितो. दोष शैलीचा नाही, निवडीचा आहे. ही प्रवासवर्णने नॉर्वेत बिघडत नाहीत. जहाज हलण्यापूर्वी तीन महिने, पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या घरी बसून 'शोअर एक्स्कर्शन'च्या यादीवर खुणा करताना ती बिघडलेली असतात.

शोअर एक्स्कर्शन म्हणजे जहाज सकाळी धक्क्याला लागले, की संध्याकाळी सुटेपर्यंतच्या वेळात खाली उतरून करायची सहल. आपण तिला किनारासहल म्हणू. प्रत्येक बंदरासाठी यादी असते: किती तास, किती पैसे, किती चालणे, फोटोसाठी किती थांबे. या यादीचे व्याकरण साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तपासून पाहावे. तिच्यातील नामे बहुधा तीनच: कडा, धबधबा, हिमनदी. क्रियापद एकच: पाहणे. त्या कड्यावर कोण राहत होते, हिमनदीखालच्या गावात काय घडले, धक्क्यावर दोर पकडणारा माणूस कोणती भाषा बोलतो, या प्रश्नांना यादीत रकाना नाही. आणि आपण, ज्यांनी आयुष्यभर 'संहितेत काय गाळले आहे ते वाचा' असे विद्यार्थ्यांना सांगितले, ते आपण ही संहिता निमूटपणे, नव्हे उत्साहाने, स्वीकारतो.

आमचाच दाखला देतो. गेइरांगर बंदरात आम्ही दाल्सनिब्बाची बस निवडली. सुमारे दीड हजार मीटर उंचीचा हा डोंगरमाथा, वरून सारा फियॉर्ड दिसतो अशी त्याची ख्याती. आम्हांला धुके दिसले. वीस मिनिटे धुक्याचे फोटो काढून, दुकानातून लोकरी मोजे घेऊन आम्ही खाली आलो. धुक्याबद्दल आमची तक्रार नाही; ऊन असते तरी काय दिसले असते, हा खरा प्रश्न आहे. त्याच यादीत खालच्या ओळीला बोटीने जाऊन चढायची स्कागेफ्लोची पायवाट होती. स्कागेफ्लो हे पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचावर, कड्याच्या कंगोऱ्यावर वसलेले जुने शेतघर. तिथे माणसे राहत, शेळ्या पाळत, गवत कापत. समोरच्या कड्यावर, 'सात बहिणी' या प्रसिद्ध धबधब्याशेजारी, क्निव्सफ्लो नावाची अशीच वस्ती होती. वरून दरड कोसळण्याच्या भीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सोडून द्यावी लागली. जहाजाच्या डेकवर ध्वनिक्षेपकातून सात बहिणींची नावे पुकारली गेली आणि दोनशे हात उंचावले, प्रत्येक हातात फोन. बहिणींच्या शेजारचे ओसाड घर आमच्यासकट कोणीही पाहिले नाही.

दरडीची भीती ही तिथली दंतकथा नव्हे. ७ एप्रिल १९३४ च्या रात्री जवळच्याच ताफ्योर्डमध्ये डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने ४० माणसे नेली. ओल्डेन बंदरातून जिथे नेतात त्या लोएनजवळच्या सरोवरात रामनेफ्येल डोंगर दोनदा कोसळला: १९०५ साली ६१ बळी, १९३६ साली ७४. एकाच दरीत, एकतीस वर्षांच्या अंतराने. आजही गेइरांगरजवळच्या ओकरनेसेत या डोंगराच्या भेगेवर उपकरणे रात्रंदिवस पहारा देतात, कारण तो सुटला तर लाट गेइरांगर गावावर येणार. म्हणजे ज्या खेड्यात आम्ही आइस्क्रीम खात फिरलो, ते खेडे भोंग्याकडे कान लावून झोपते. ओल्डेनहून आम्ही लोएनच्या रज्जुमार्गाने वर गेलो. पाच मिनिटांत हजार मीटर. वर कॉफी उत्तम होती. खालच्या सरोवराकाठी जाणारी, अर्ध्या किमतीची सहल आम्ही 'त्यात विशेष काही नाही' म्हणून खोडली होती.

येथे कोणी म्हणेल, सुटीत माणसाने दुःखच का शोधावे? आम्ही दुःख शोधा म्हणत नाही, अर्थ शोधा म्हणतो. निळाशार, शांत असे जे विशेषण आपण त्या पाण्याला बहाल करतो, ते माहितीअभावी सुचलेले विशेषण आहे. १९०५ आणि १९३६ ठाऊक असलेल्या माणसाला ते सुचणार नाही. त्याला दुसरे शोधावे लागेल. साहित्य सुरू होते ते या दुसऱ्या विशेषणापासून.

लोककथेचे काय होते, तेही पाहा. फ्लोमची रेल्वे वीस किलोमीटरांत साडेआठशेहून अधिक मीटर चढते. अभियांत्रिकीचा तो खरोखर पराक्रम आहे. वाटेत क्योसफोस धबधब्यापाशी गाडी काही मिनिटे थांबते, संगीत वाजू लागते आणि लाल झग्यातली एक युवती खडकावर नाचते. ही हुल्द्रा, नॉर्वेच्या लोककथांतील रानातली मोहिनी. आस्ब्यर्नसन आणि मू या जोडीने १८४० च्या दशकात लोककथांचे संग्रह प्रसिद्ध केले आणि नॉर्वेच्या गद्याचे वळणच बदलले. त्या साऱ्या परंपरेतून प्रवाशाच्या वाट्याला येतो एक झगा आणि एक शिट्टी. आपल्याकडे लोकसाहित्याची पदव्युत्तर पत्रिका शिकवणारे आम्ही टाळ्या वाजवून डब्यात परतलो.

पण सर्वांत मोठी चूक भाषेची. पश्चिम नॉर्वेचा हा फियॉर्डप्रदेश नीनॉर्स्क या लेखनभाषेचे माहेरघर आहे. ईवार ओसेन हा १८१३ साली ओर्स्ता येथे जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने १८४२ पासून गावोगाव हिंडून बोलींचे शब्द गोळा केले, १८४८ साली व्याकरण आणि १८५० साली कोश सिद्ध केला. डॅनिश वळणाच्या शहरी लेखनभाषेला शेतकऱ्यांच्या बोलींतून घडवलेला पर्याय त्याने उभा केला. १८८५ साली नॉर्वेच्या संसदेने या भाषेला समान दर्जा दिला. २०२३ चे नोबेल मिळवणारे युन फोस्से, हार्दांगरफियॉर्डच्या काठी वाढलेले, याच भाषेत लिहितात. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून आजतागायत 'प्रमाण मराठी कोणाची?' हा वाद आपण घालत आहोत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांच्यावर परिसंवाद भरवत आहोत. त्या वादाचा दुसऱ्या एका समाजाने शोधलेला निकाल जिथे दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेला आहे, तिथे जाऊन आपण डोंगराची उंची टिपून येतो! ओर्स्ताजवळ ओसेनच्या जन्मस्थळी संग्रहालय आहे. उल्विक या फळबागांच्या गावी ओलाव हाउगे हा कवी सफरचंदे पिकवत जगला, तिथे त्याच्या नावाचे केंद्र आहे. आइडफ्योर्ड बंदरापासून ते फार दूर नाही. आमच्या यादीत त्या दिवशी एकच ठळक ओळ होती, वरिंग्सफोस धबधब्याची. आम्ही ती निवडली.

आणखी एक नाव घेतो, म्हणजे वाचकांच्या जिव्हारी लागेल. नाट्यमन्वंतर, १९३३, 'आंधळ्यांची शाळा'. मराठी रंगभूमीच्या आधुनिकतेची सुरुवात म्हणून हे नाटक आपण शिकवतो, प्रश्नपत्रिकेत विचारतो. ते ज्याच्या नाटकावरून बेतले गेले तो ब्यर्नसन कुठे वाढला? रोम्सदालमधल्या नेसेत येथे, फियॉर्डकाठच्या पाद्र्याच्या घरात. रोम्सदालला जहाजे जातात. प्रवासी उतरतात आणि घाटाची वळणे मोजून परततात. त्यांत मराठीचे प्राध्यापक असतात.

आता आक्षेप. पहिला वेळेचा. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्याला ते मागे टाकून निघते. ही भीती खरी आहे. पण तिचा अर्थ एवढाच, की लांबचे ठिकाण स्वतंत्रपणे गाठू नये. जवळचे गाठू नये असा नाही. दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. स्कागेफ्लोची चढण सत्तरीच्या आईवडिलांना सांगणे हा दुष्टपणा ठरेल. परंतु बेर्गेन शहरात, सपाटीवर, बंदरापासून पायी जाण्याजोगे सेंट यर्गनचे जुने महारोग्यांचे रुग्णालय संग्रहालय म्हणून उभे आहे. याच शहरात १८७३ साली आर्माउअर हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला, आणि येथल्या कुष्ठरोगविषयक दप्तरांना २००१ साली युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत स्थान मिळाले. आनंदवनाबद्दल कृतज्ञ असलेल्या मराठी माणसाने हे दार चुकवावे आणि डोंगरावरच्या रेल्वेच्या रांगेत तासभर उभे राहावे, याचे समर्थन कोणते गुडघे करतील?

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. माणसांची एवढी चाड आहे, तर महाकाय जहाजातून गेलातच कशाला? गेइरांगर आणि नॅरॉय हे फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहेत. त्यांत १ जानेवारी २०२६ पासून दहा हजार टनांखालील प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली. आमच्यासारख्यांच्या मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत. म्हणजे आम्ही सवलतीतले पाहुणे. या आक्षेपाला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणतो, की ज्याने धूर सोडला त्याने निदान यजमानाचे नाव तरी विचारावे.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर पुस्तक लिहिले ते १८८९ साली. त्याचे शीर्षक 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. शब्दांचा क्रम पाहा: लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. नायगारा तेव्हाही होता. पण बाईंना त्या देशातली माणसे कशी शिकतात, कशी संघटित होतात, हे आधी पाहायचे होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण तो क्रम उलटा केला, आणि मग लोकस्थिती गाळूनच टाकली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यादी समोर आली, की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: येथे मला कोणा माणसाबद्दल काही कळणार आहे काय? उत्तर 'नाही' असेल, तर ती ओळ खोडावी. एखाद्या बंदरात साऱ्याच ओळी खोडल्या गेल्या, तर पैसे वाचवून गावातून पायी हिंडावे, पाट्या वाचाव्यात, चर्चच्या अंगणातल्या थडग्यांवरची सालं पाहावीत. धबधबा कुठे जात नाही. तो जहाजावरूनही दिसतो.

असो. आमचे टिपण आम्ही फाडलेले नाही. पुढच्या वर्षी प्रवासवर्णन शिकवताना ते वर्गात वाचून दाखवणार आहोत, लेखकाचे नाव न सांगता. विद्यार्थी त्यात काय गाळले आहे ते शोधतील, अशी आशा आहे.