बॅनरवर कमाल भाव, पोरांच्या पदरात सर्वसाधारण. कॉलेजच्या जाहिराती वाचायच्या कशा?

येवला / वार्ताहर : बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं दोन गोष्टी एकदम उगवतात. एक बांधावरचं गवत आणि दुसरी कॉलेजची बॅनरं. येवल्याहून निफाडमार्गे नाशिकला जा, विजेच्या खांबापासून रसवंतीच्या छपरापर्यंत एकही जागा मोकळी दिसायची नाही. काळा कोट घातलेली पोरं, काचेची इमारत, ‘नॅक ए प्लस’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ आणि खाली मोठ्या आकड्यात पॅकेज. मोबाईल उघडला तर तिथंही तेच. मंगल कार्यालयात ‘मोफत करिअर मार्गदर्शन’ असतं, चहा-पोहे असतात, जाताना फॉर्म भरून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या दिवसांत पेपरं आणि पोर्टलं कॉलेजच्या जाहिरातींवरच चालतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचं मानधन नावापुरतं असतं, जाहिरातीचं कमिशन खरं. त्यामुळं कॉलेजबद्दल छापून येणारी प्रत्येक ‘यशोगाथा’ बातमीच असेल असं धरून चालू नका.

आता पॅकेजचं बघू. कांदा विकणाऱ्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटं पुरतात. लासलगावच्या बाजार समितीत रोज तीन भाव निघतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भाव एखाद्या निवडक वक्कलला मिळतो. आपण ट्रॅक्टर भरून नेतो तेव्हा खिशात काय येणार, हे सर्वसाधारण भाव बघून धरतो. कमाल भावावर हिशेब करून कुणी पोरीचं लग्न ठरवत नाही. कॉलेजच्या बॅनरवर मात्र कायम कमाल भाव असतो. समजा साठ पोरांच्या वर्गात एकाला वीस लाखाचं पॅकेज मिळालं, पंधरा जणांना अडीच-तीन लाखाची नोकरी लागली आणि बाकीचे घरी आले. बॅनरवर वीस लाखच येणार. त्यात खोटं काही नाही, पण तुमच्या पोराला त्यातून काहीच कळत नाही.

सर्वसाधारण भाव कॉलेजचाही निघतो, फक्त तो बॅनरवर लावत नाहीत. केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ नावाची क्रमवारी आहे. पहिली यादी २०१६ मध्ये आली. या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला लेखी माहिती द्यावी लागते : किती पोरं घेतली, ठरलेल्या वर्षांत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि लागलेल्यांचा मधला पगार किती. मधला पगार म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं मांडले तर बरोबर मधोमध येतो तो. ही माहिती कॉलेजच्या वेबसाईटवर ‘एनआयआरएफ’ नावाच्या कोपऱ्यात असते. कॉलेजचं नाव आणि पुढं एनआयआरएफ असं गुगलवर टाकलं तरी बहुतेक वेळा सापडते. त्यात दोन आकडे शेजारी ठेवून बघा, पास किती आणि नोकरीला किती. कारण मधला पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, घरी बसलेले त्यात मोजत नाहीत. ही माहिती कॉलेज स्वतःच भरून देतं, तेव्हा तीसुद्धा डोळे उघडे ठेवूनच वाचायची. तरी बॅनरपेक्षा बरी. जे कॉलेज या क्रमवारीत भागच घेत नाही, त्याला गेल्या वर्षी नोकरी लागलेल्या पोरांची नावानिशी यादी मागा. सर्वात मोठं पॅकेज कुणाचं हे विचारूच नका.

याच क्रमवारीत आणखी एक गंमत आहे. शंभर गुणांपैकी दहा गुण ‘परसेप्शन’चे, म्हणजे कंपन्या आणि प्राध्यापक मंडळींच्या मनात त्या संस्थेची प्रतिमा कशी आहे त्याचे. शिकवण्याचे गुण वेगळे, संशोधनाचे वेगळे, आणि नावाचे हे वेगळे. नाव मोठं दिसलं की गुण वाढणार, गुण वाढले की नाव मोठं होणार. मग मोठ्या संस्था पहिल्या पानावर अख्ख्या पानाची जाहिरात का देतात, त्याचं अर्धं उत्तर इथंच मिळतं. त्या जाहिरातीचा खर्च शेवटी कुणाच्या फीमधून निघतो, हे मी सांगायची गरज नाही.

‘नॅक’ची ग्रेड ही बॅनरवरची दुसरी मोठी गोष्ट. नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली, बंगळुरूची संस्था. चारपैकी ३.५१ च्या वर गुण आले तर ए डबल प्लस, ३.२६ पासून ए प्लस, ३.०१ पासून ए. ही ग्रेड साधारण पाच वर्षांसाठी असते. मुदत संपली तरी बॅनर उतरत नाही. शिवाय ग्रेड मिळते अख्ख्या कॉलेजला, एखाद्या शाखेला नाही. शाखा तपासणारी संस्था वेगळी, तिचं नाव ‘एनबीए’. गेल्या वर्षी सुरू झालेल्या ‘एआय अँड डेटा सायन्स’ची अजून एकही बॅच बाहेर पडलेली नसते, आणि तिच्या बॅनरवर कॉलेजची जुनी ग्रेड आणि जुन्या शाखांची प्लेसमेंट लावलेली असते. एकाच संस्थेची पाच कॉलेजं असली तर एकाची ग्रेड पाचही फाटकांवर चढते, हेही होतं.

आणि ग्रेड मिळते कशी, यावरही मोठं प्रश्नचिन्ह लागलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं आंध्र प्रदेशात गुंटूरजवळच्या एका मोठ्या शिक्षण संस्थेचे पदाधिकारी आणि तपासणीला आलेल्या नॅक समितीचे सदस्य मिळून दहा जणांना अटक केली. ए डबल प्लस ग्रेडसाठी रोख रक्कम, सोनं, मोबाईल आणि लॅपटॉप दिल्याचा आरोप आहे. निवाडा कोर्ट करील. पण तपासणारी मंडळी प्राध्यापकच होती, ही गोष्ट मनाला लागते. ग्रेडच काढून टाकून ‘मान्यता आहे किंवा नाही’ एवढंच सांगायचं, असं नॅकनं त्याच्या वर्षभर आधीच जाहीर केलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथं थेट पैशाला मार बसतो. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द. आपल्या माणसाला वाटतं कॉलेजपेक्षा युनिव्हर्सिटी मोठी, पोरगी युनिव्हर्सिटीत शिकते म्हटलं की पाहुण्यांत मान. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात खाजगी विद्यापीठं बरीच निघाली. त्यातली काही चांगलीही आहेत. पण ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय नीट वाचा. आठ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. ती कुठं? सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजात, तेही कॅप म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. मॅनेजमेंट कोटाही वगळलेला आहे.

म्हणजे बघा, तीच पोरगी, तेच मार्क. कॅपमधून साध्या संलग्न कॉलेजात गेली तर शिक्षण फी शून्य. रस्त्यापलीकडच्या ‘युनिव्हर्सिटी’त गेली तर पूर्ण फी बापानं भरायची, चार वर्षं. मार्गदर्शन शिबिरात ‘स्कॉलरशिप आहे’ असं सांगतात, पण ती सरकारची की त्यांची स्वतःची, पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षांची, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्यांनी स्वतःच्या फीतून दिलेली सूट म्हणजे दिवाळीच्या सेलसारखी, आधी किंमत किती लावली होती ते कुणी विचारायचं?

नावाच्या या खेळाची दखल सुप्रीम कोर्टानंही घेतलेली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं अभिमत संस्थांना नावात ‘युनिव्हर्सिटी’ शब्द वापरायला मनाई करायला सांगितलं आणि यूजीसीनं १२३ संस्थांना तसं कळवलं. त्यानंतर ‘डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी’ असं लिहायला लागले. बॅनरवर ‘डीम्ड टू बी’ किती बारीक असतं ते एकदा गाडी थांबवून बघा.

नुसत्या जाहिरातीवर नाव किती टिकतं याचं उदाहरण माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेपरात ‘आयआयपीएम’च्या पानभर जाहिराती यायच्या. आयआयएमच्या पलीकडचा विचार करा, असं आव्हान, लॅपटॉप, परदेश दौरा. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांना एमबीए, बीबीए, बी-स्कूल हे शब्द वापरायलाच मनाई केली. पुढच्या वर्षी दिल्लीबाहेरचे कॅम्पस बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. संस्था गेली, पण ज्यांनी लाखो रुपये भरले त्यांच्या बायोडाटावर ते नाव राहिलंच.

उलट आपल्याकडं नाव झालं ते कसं? नाशिकला १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक उभी राहिली ती खेड्यातल्या पोरांच्या बोर्डिंगमधून. १९१९ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत सुरू केली आणि पुढं ‘कमवा व शिका’वर पिढ्या शिकल्या. त्या काळात फ्लेक्स नव्हता. गावात एक शिकून मास्तर झाला की पुढच्या वर्षी त्या गावातून चार पोरं जायची. आज याच जुन्या संस्थांचीही बॅनरं लागतात, आणि त्यांनाही वरचेच प्रश्न विचारायला हरकत नाही.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ याबद्दल जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या ‘एएससीआय’ संस्थेचा नियम आहे : पुरावा असल्याशिवाय नोकरीची हमी द्यायची नाही, आणि पूर्वीचा रेकॉर्ड म्हणजे पुढची हमी नव्हे हे लिहायचं. आपल्या रस्त्यावर तसं लिहिलेलं एकही बॅनर मला दिसलं नाही.

सध्या प्रवेशाची धावपळ आहे म्हणून कामाचं तेवढं सांगतो. कॉलेजचा कोड नंबर मागा आणि तो सीईटी सेलच्या कॅपच्या यादीत आहे का ते बघा. मागच्या वर्षीचा कटऑफ तिथंच मिळतो, आणि कटऑफ दरवर्षी खाली येत असेल तर पोरंच त्या कॉलेजकडं पाठ फिरवतायत असं समजा. ‘सीट बुक करा’ म्हणून दहा हजार मागितले तर पावती कशाची देणार ते आधी विचारा. आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका. कागदपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, अडवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीनं २०१८ मध्येच सगळ्या संस्थांना बजावलेलं आहे. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि पिशवीत घालून घरी आणा.