कुतचा वेढा आणि काळ्या-गोऱ्याचे खाते

व्यापाऱ्याच्या वहीत ज्या रकमेपुढे कुळाचे नाव नाही, ती रक्कम बुडीत समजावी, असा बाजाराचा दंडक आहे. असलीच एक रक्कम इराकच्या वाळवंटात शंभर वर्षांहून अधिक काळ पडून आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जे सैनिक पडले व ज्यांची थडगीही सापडली नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद बसऱ्याच्या स्मारकावर आहे. परंतु तेथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले, आणि हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा! एप्रिल 2021 मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या अहवालाने या भेदाच्या मुळाशी वर्णद्वेष असल्याचे कबूल केले, व 22 एप्रिल रोजी ब्रिटिश संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. क्षमा मागितली हे ठीकच झाले. पण मेल्यानंतर दिसलेला हा भेद जिवंतपणी कोठे रुजला होता, याचा हिशेब केल्याखेरीज हे खाते पुरे होत नाही.

या हिशेबाचे मुख्य पान म्हणजे कुत-एल-अमाराचा वेढा होय. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोन येथे धक्का खाऊन जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन माघार घेत 3 डिसेंबर रोजी कुत येथे आली, आणि चारच दिवसांत तुर्कांनी तिला वेढले. या डिव्हिजनमध्ये 103, 110 व 117 या तीन मराठा पलटणी होत्या. कोंडलेल्यांच्या सुटकेसाठी तैग्रिस नदीच्या काठाने दुसरी फौज निघाली. तीतही बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. शेख साद, वाडी, हन्ना, दुजैला, सन्नाइयात अशा एकामागून एक लढाया झाल्या, पण कुतचा मार्ग मोकळा झाला नाही. विमानांतून धान्य टाकून पाहिले. 24 एप्रिल 1916 रोजी 'जुलनार' नावाची रसदेची आगबोट तुर्कांच्या हाती पडली. आणि 29 एप्रिल रोजी, 147 दिवसांच्या वेढ्यानंतर, सुमारे 13 हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांना सोडविण्याच्या खटाटोपात सुटकेच्या फौजेची सुमारे 23 हजार माणसे मेली वा जखमी झाली. तेरा सोडविण्यासाठी तेवीस खर्चावे आणि तेराही जावेत, असा सौदा वाशीम-कारंज्याच्या पेठेतील नवशिका गुमास्ताही करणार नाही. कुतमधील शिल्लक धान्याचा पहिला अंदाज फार कमी सांगितला गेला, पुढे साठे अधिक निघाले. तोवर अपुऱ्या तयारीनिशी घाईने हल्ले होऊन गेले होते.

या अपयशाचे खापर कोणावर फोडण्यात आले? हिंदी शिपायावर. तो घोड्याचे मांस खाईना, म्हणून तो दुबळा झाला, असा ठपका आला. या आरोपात सत्याचा अंश आहे; पण तेवढ्याने न्याय होत नाही. मांस न खाल्ल्याने हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले हे खरे. परंतु पांढऱ्या पिठाची रोटी खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने धरले, आणि कोंड्यासकट पीठ खाणारा हिंदी शिपाई तीतून वाचला. निसर्गाने रंग पाहिला नाही. रंग पाहिला तो माणसांनी.

लष्कराची घडणच तशी होती. 1857 नंतर हिंदी पलटणींवर विश्वास नको, म्हणून सामान्यतः दर ब्रिगेडीत तीन हिंदी पलटणींच्या जोडीस एक गोरी पलटण ठेवीत. तीस वर्षे चाकरी केलेल्या सुभेदाराने विलायतेहून नुकत्याच आलेल्या पोराच्या हुकमात राहावे, कारण राजाची सनद हिंदी माणसास मिळत नसे. शिपायाचा पगार दरमहा 11 रुपये. गोऱ्यांचे इस्पितळ निराळे, हिंद्यांचे निराळे. तुर्कांनी हे व्यंग ओळखले होते. गोऱ्या अंमलदारांवर उलटा, अशी हिंदी भाषांतील पत्रके ते खंदकांत टाकीत. काही शिपाई फुटलेही. फितुरी निंद्यच, परंतु ज्या घरात पंक्तिभेद आहे, त्या घराची भिंत शत्रूला पोखरावी लागत नाही.

कैदेतही तोच पंक्तिभेद. शिपायांना वाळवंटातून चालविले. त्यांत हजारो मेले. गोऱ्या शिपायांची हानी तर प्रमाणाने फारच मोठी होती, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. सेनापती मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने राहिले, आणि कैदेत असतानाच त्यांना सरदारकीचा किताब मिळाला.

कुत पडण्याच्या आदल्याच दिवशी, 28 एप्रिल 1916 रोजी, लोकमान्यांनी बेळगावी होमरूल लीगची स्थापना केली. हा योगायोग होय. पण त्याचा अर्थ योगायोगाचा नव्हे. पुढच्याच वर्षी मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, भारतमंत्री चेंबरलेन यांना जावे लागले, आणि ऑगस्ट 1917 मध्ये पहिल्या नऊ हिंदी अंमलदारांना राजाची सनद मिळाली. जो देश रणांगणावर रक्त देतो, त्याला हुकूम देण्याचा अधिकार नाकारता येत नाही, हा धडा कुतच्या चिखलाने शिकविला.

येथवर वाचून आमचे वाचक संतोष पावतील. पण आता आमच्याच घरचे पान उलटू. त्या शिपायाने घोड्याचे मांस का नाकारले? धर्मगुरूंनी हिंदुस्थानातून संमती कळविल्यावरही कित्येक जण कचरले. कारण गावी परतल्यावर भाऊबंद वाळीत टाकतील ही धास्ती होती. म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेण्यात शत्रूबरोबर आमच्या पंचांचाही हात होता! आणि ज्या महार शिपायांनी पूर्वी कंपनीच्या फौजेत लौकिक मिळविला, त्यांची भरती 1892 च्या सुमारास 'लढाऊ जात नव्हे' म्हणून बंद झाली. 1917 मध्ये गरज पडताच 111 वी महार पलटण उभारली. 1921 मध्ये ती मोडली. मग 1941 पर्यंत, महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत, वाट पाहावी लागली. हा हुकूम गोऱ्यांचा खरा. पण त्या भरतीबंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर अर्ज लिहीत होते, तेव्हा आमच्यापैकी किती शहाण्यांनी त्यावर सही केली असती?

कोणी वाशीमकर म्हणेल, सातारा-रत्नागिरीच्या शिपायांचे आम्हांस काय? त्यास आमचे उत्तर एवढेच, की महाराष्ट्रातील कित्येक गावी जुनी दगडी पाटी आहे. या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, इतके कामी आले, एवढेच तीवर कोरलेले आहे. तेथेही नाव नाही. परक्या सरकारने आकडा कोरला. स्वराज्य येऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी आम्ही त्या आकड्यासमोर नाव लिहिले नाही. विलायतेची क्षमा ही त्यांच्या बाजूची वसुली झाली. आमच्या बाजूची बाकी आम्हीच फेडली पाहिजे. ज्या घरात जुनी पदके, पेन्शनची कागदपत्रे पडून असतील, त्या घरी शाळामास्तरांनी व ग्रामपंचायतींनी जावे. नावे लिहून घ्यावीत. आणि लिहिताना जात पाहून ओळ निराळी पाडू नये. मेलेल्यांची पंगत तरी एक असू द्या.